लस, तापाची गोळी आणि पेग

लस टोचून घ्यायला आलेली माणसं हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला मोठ्याने: "सिस्टर, ताप येऊ नये म्हणून आत्ताच एक गोळी घेऊन टाकू का?" दुसरा सुई टोचून झाल्यावर, आवाज जरा खाली आणून: "बाकी पथ्य काही? म्हणजे, संध्याकाळी चालेल ना?" 2021 मध्ये करोनाच्या लशीच्या रांगांत हे दोन्ही प्रश्न गावोगावी विचारले गेले आणि ज्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं. कुणी आठवडाभर थेंबही नको म्हणालं, कुणी दीड महिना. गोळीच्या बाबतीत तर एकाच घरात दोन पक्ष: एक आधीच गोळी घेऊन निघालेला आणि दुसरा "गोळीने लशीची पॉवर जाते" म्हणून रात्रभर 102 ताप अंगावर काढणारा.

आधीच सांगून टाकायचं तर, ताप येण्यापूर्वी, निव्वळ खबरदारी म्हणून गोळी घेऊ नये. ताप आला, अंग ठणकायला लागलं, तर पॅरासिटामॉल खुशाल घ्यावी. दारूच्या एखाद्या पेगने लस वाया जाते असं दाखवणारा पुरावा नाही, पण त्या दोन दिवसांत न पिण्याची दुसरी चांगली कारणं आहेत. आणि गोळी असो की दारू, यातल्या कशासाठीही लस पुढे ढकलू नये. आता हे असं का, ते बघू.

लशीतून शरीरात जातं ते रोगजंतूचं मेलेलं, अर्धमेलं किंवा तुकड्यातुकड्यातलं रूप, नाहीतर तसा तुकडा बनवायची कृती. दंडाच्या स्नायूत हे परकं काहीतरी आलंय हे तिथल्या पेशींना काही तासांतच कळतं. त्या रसायनं सोडतात, रक्त तिकडे धावतं, जागा लाल होते, सुजते, दुखते. हीच रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत पोचली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि शरीराचा थर्मोस्टॅट वर सरकतो. मग हुडहुडी भरते, अंग मोडून येतं, ताप चढतो. हा सगळा पहिल्या एक-दोन दिवसांचा मामला. खरं काम त्याच्या मागून चालू असतं. काही पेशी त्या परक्या वस्तूचे नमुने घेऊन काखेतल्या गाठींपर्यंत जातात आणि तिथे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची निवड आणि तालीम सुरू होते. ती पुरी व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात.

पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन हे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याच्या वाटेतच आडवे येतात. ताप उतरतो तो त्यामुळे. शंका अशी की सुरुवातीची ती धावपळच दाबून टाकली, तर पुढची तालीम कच्ची राहील का?

याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर चेक प्रजासत्ताकातून आलं. तिथल्या दहा केंद्रांवर 459 तान्ह्या बाळांचे दोन गट केले. नेहमीच्या लशी दोन्ही गटांना दिल्या. एका गटाला लशीबरोबरच पॅरासिटामॉल सुरू केलं आणि चोवीस तासांत त्याचे तीन डोस दिले. दुसऱ्या गटाला काही नाही. 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप गोळीवाल्या गटात 42 टक्के बाळांना आला, दुसऱ्या गटात 66 टक्के. म्हणजे औषधाने आपलं काम चोख केलं. पण रक्त तपासलं तेव्हा औषध दिलेल्या बाळांत बऱ्याच लशींच्या अँटिबॉडी कमी निघाल्या: न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूच्या लशीतल्या दहाही प्रकारांविरुद्ध कमी, धनुर्वात आणि घटसर्पाविरुद्धही कमी. 2009 च्या ऑक्टोबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि "आधीच गोळी देऊन ठेवा" हा सल्ला जगभर मागे पडू लागला.

या निष्कर्षाची दुसरी बाजू मात्र फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमध्ये कधी येत नाही. अँटिबॉडी कमी झाल्या, शून्य झाल्या नाहीत. बहुतेक बाळं संरक्षणासाठी लागणाऱ्या पातळीच्या वरच होती. पुढे पोलंडमध्ये झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पॅरासिटामॉल लशीबरोबरच सुरू केलं तर काही अँटिबॉडी घटल्या. तेच सहा-आठ तासांनी सुरू केलं तर फरक पडला नाही. बूस्टर डोसनंतर तर दोन्हीकडची पातळी सारखीच झाली. म्हणजे सगळी गोम वेळेत आहे. सुई टोचल्यानंतरचे पहिले काही तास पेशींना त्यांचं काम करू द्यावं, एवढाच याचा मथितार्थ.

शिवाय सगळ्या लशींना हा नियम लागू पडतो असंही नाही. ब्रिटनमध्ये 2015 पासून तान्ह्या बाळांना मेनिंगोकोकस-बी या मेंदूज्वराच्या जंतूवरची लस देतात. तिने ताप इतका हमखास येतो की तिथली सरकारी आरोग्यसेवाच आईबापांना सांगते, लशीबरोबरच पॅरासिटामॉल द्या. आधी तपासून पाहिलं होतं, त्या लशीचा परिणाम त्याने कमी होत नाही. आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर कोविशील्ड. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवली ती मूळची ऑक्सफर्डची लस. 2020 च्या तिच्या सुरुवातीच्या चाचणीत काही स्वयंसेवकांना मुद्दाम दर सहा तासांनी एक ग्रॅम पॅरासिटामॉल चोवीस तास दिलं. त्यांना त्रास कमी झाला आणि अँटिबॉडी इतरांइतक्याच तयार झाल्या. फायझरच्या मोठ्या चाचणीत दुसऱ्या डोसनंतर 55 वर्षांपर्यंतच्या लोकांपैकी 45 टक्के जणांनी तापाची किंवा दुखण्याची गोळी घेतली होती, आणि तरी त्या लशीचा प्रभाव 95 टक्के भरला. तेव्हा ताप आल्यावरही गोळीला हात न लावणाऱ्यांनी स्वतःला उगाच छळलं, असंच म्हणावं लागेल.

त्या छळामागे एक समज आहे: ताप आला तरच लस "लागली". शेजाऱ्याला ताप आला आणि आपल्याला नाही, म्हणजे आपल्याला पाणीच टोचलं की काय! असं नसतं. ताप ही शरीराच्या पहिल्या फळीची गडबड आहे. अँटिबॉडी बनवणारी फळी वेगळी. ती गडबड न होताही आपलं काम नीट करते. तरुणांना ताप जास्त येतो, म्हाताऱ्यांना कमी. त्यावरून कुणाची लस लागली आणि कुणाची नाही हे ठरत नाही. उलट करोनाच्या चाचण्यांत ज्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं, त्यांच्यातल्याही कित्येकांनी डोकेदुखी आणि थकवा आल्याचं नोंदवलं होतं.

आता गोळी कुठली आणि किती. इथे लशीपेक्षा जास्त चुका होतात.

मोठ्या माणसाला साधी पॅरासिटामॉल पुरे. 500 ची किंवा 650 ची एक गोळी, गरज वाटली तर सहा तासांनी पुन्हा. चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर कदापि नाही. 650 च्या सहा गोळ्या झाल्या की 3.9 ग्रॅम होतात, म्हणजे हद्द आलीच. आणि ही हद्द कळत नकळत ओलांडली जाते, कारण पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांनी घरात असतं. डोलो 650 म्हणजे पॅरासिटामॉल. क्रोसिन म्हणजे तेच. कॉम्बिफ्लॅममध्ये 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेनबरोबर 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही ते असतं. सकाळी तापासाठी एक, दुपारी अंगदुखीसाठी दुसरी, रात्री नाक चोंदलं म्हणून तिसरी; नावं तीन, औषध एकच. पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते चष्मा लावून वाचावं. पट्टी कात्रीने कापून सुट्या गोळ्या देण्याची पद्धत आहे आपल्याकडे, त्यात नेमका तोच मजकूर दुकानात राहतो. अशा वेळी केमिस्टला विचारावं, त्यात संकोच कसला.

हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घेणाऱ्यांनी ती लशीसाठी बंद करू नये. संधिवाताची रोजची औषधंही आपल्या मनाने थांबवू नयेत. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर टोचण्याआधी सांगावं आणि सुई काढल्यावर ती जागा दोन-तीन मिनिटं दाबून धरावी, चोळू नये.

बाळांचं गणित याहून नाजूक. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीचा डोस असतो. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे त्याच रात्री ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिर करतं. आशाताई किंवा नर्सताई हे आधी सांगून ठेवतात आणि बऱ्याच ठिकाणी तापाचं औषधही हातात देतात. ते "ताप आला तर" द्यायचं असतं. घरी पोचल्यापोचल्या नव्हे. मात्रा वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान सहा तासांचं अंतर. साडेचार किलोच्या बाळाला साधारण 50 मिलिग्रॅम लागेल.

आता दुकानात मिळणाऱ्या बाटल्या पाहा. थेंबांच्या छोट्या बाटलीत बहुधा 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या बाटलीत 5 मिलिलिटरमध्ये 125, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये फक्त 25. त्याच औषधाचं 250 वालं दुप्पट तीव्र सिरपही असतं. त्या बाळासाठी 50 मिलिग्रॅम म्हणजे थेंबांच्या बाटलीतून अर्धा मिलिलिटर, 125 च्या सिरपमधून 2 मिलिलिटर. "मागच्या वेळी 2 मिलिलिटर दिलं होतं" हे लक्षात ठेवून कुणी थेंबांच्या बाटलीतून 2 मिलिलिटर पाजलं, तर चौपट मात्रा गेली. मोठ्या भावंडाचं सिरप बाळाला देतानाही हाच घोळ होतो. म्हणून नर्सताईंना किंवा डॉक्टरांना आपली बाटली दाखवूनच "यातलं किती" ते विचारावं, आणि मोजायला बाटलीबरोबर आलेलं टोपण किंवा ड्रॉपरच वापरावा, घरातला चमचा नाही. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड या तापाच्या दुसऱ्या औषधावर 12 वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे 2011 पासून बंदी आहे.

गोवर-रुबेलाच्या लशीचा ताप तर वेगळ्याच दिवशी येतो. ती लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची. त्याला शरीरात वाढायला वेळ लागतो. त्यामुळे आलाच तर ताप आठवड्याभराने किंवा त्याहून थोडा उशिरा येतो. नवव्या महिन्याच्या त्या डोसच्या दिवशी आधीच औषध पाजणं म्हणजे पाऊस पुढच्या आठवड्यात पडणार म्हणून आज छत्री उघडून बसणं. क्षयावरच्या बीसीजी लशीची गाठ आणि तिचं फुटणं हे तर अपेक्षितच असतं; तिला औषध, हळद, शेक काहीच नको.

दोन दिवस उलटूनही ताप उतरत नसेल, बाळ तीन तास सलग रडत असेल, दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल किंवा झटका आला, तर मात्र औषधाच्या बाटलीशी खेळत बसू नये, दवाखाना गाठावा.

आता दारू.

डिसेंबर 2020 मध्ये रशियाने स्पुटनिक व्ही ही करोनाची लस द्यायला घेतली. तिथल्या ग्राहक आरोग्य विभागाच्या प्रमुख आना पोपोवा यांनी जाहीर केलं की पहिल्या डोसच्या दोन आठवडे आधी दारू बंद करा आणि नंतर 42 दिवस प्यायची नाही. म्हणजे जवळजवळ दोन महिने, तेही रशियात, तेही नववर्षाच्या तोंडावर! लस ज्यांनी बनवली त्या गामालेया संस्थेचे संचालक अलेक्झांडर गिन्झबर्ग यांनी लगेच खुलासा केला: प्रत्येक डोसनंतर तीन दिवस टाळा, आणि शॅम्पेनच्या एखाद्या पेल्याने कुणाचं काही बिघडत नाही. एकाच देशात, एकाच लशीसाठी, एकीकडे 42 दिवस आणि दुसरीकडे तीन. पुढे स्पुटनिक भारतात आली आणि तो 42 चा आकडाही तिच्याबरोबर आला. या आकड्यात रसायनशास्त्र काही नाही. दोन डोसांमध्ये 21 दिवस, दुसऱ्या डोसनंतर प्रतिकारशक्ती पुरती उभी राहायला धरलेले आणखी 21; बेरीज 42. तेवढ्या काळात प्रकृतीला जपा, या सावधगिरीतून दारूबंदी निघाली.

आपल्याकडे ही भीती करोनाच्या फार आधीपासून आहे. ती आली पोटातल्या चौदा इंजेक्शनांबरोबर. 1911 मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी रेबीजची जी लस बनवली, ती मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून काढलेली. पुढची नव्वद वर्षं कुत्रा चावलेल्या माणसाला तीच पोटाच्या कातडीखाली रोज टोचत. तिच्यात मेंदूच्या ऊतींचे अंश असत आणि त्यामुळे क्वचित कुणाला लशीनेच लकवा किंवा मेंदूची सूज यायची. असा धोका अंगावर घेतलेल्या रुग्णाला डॉक्टर सांगत: कोर्सभर आणि नंतरही महिनाभर दारू नको, जागरण नको, अंगमेहनत नको. त्या लशीपुरतं ते पथ्य समजण्यासारखं होतं. भारतात 2004 च्या अखेरीस ती लस बंद झाली. लस गेली, पथ्य मात्र घराघरांत राहिलं, आणि मग ते सरसकट सगळ्याच लशींना चिकटलं.

आजच्या लशींपुरतं बोलायचं तर क्वचित पिणाऱ्या माणसाने लशीच्या आगेमागे एखादा पेग घेतल्याने अँटिबॉडी घटतात असं कुठे सिद्ध झालेलं नाही. जो वर्षानुवर्षं रोज आणि भरपूर पितो त्याची गोष्ट निराळी. दारूने प्रतिकारशक्ती खरोखरच खिळखिळी होते. हिपॅटायटिस बी ची लस अशा लोकांत कमी चांगली लागते हे जुनंच निरीक्षण आहे, आणि लिव्हर सिरॉसिसपर्यंत प्रकरण गेलं असेल तर आणखीच. पण त्यावर इलाज लस टाळणं हा नाही. अशांना तर न्यूमोनिया, फ्लू, हिपॅटायटिस यांचा धोका जास्त, म्हणजे लशीची गरजही जास्त.

मग एक-दोन दिवस पिऊ नये असं का म्हणायचं? एक तर लशीनंतरचा त्रास आणि हँगओव्हर यांची लक्षणं एकसारखी: डोकं जड, अंग गळालेलं, मळमळ. सकाळी उठल्यावर नेमकं कशाने काय होतंय हे तुम्हाला कळणार नाही, डॉक्टरलाही नाही. शिवाय दारूने शरीरातलं पाणी घटतं, आणि तापातही ते घटतंच. आणि खरं मोठं कारण म्हणजे गोळी.

पॅरासिटामॉल यकृतात मोडलं जातं. बहुतेक भाग निरुपद्रवी होऊन लघवीवाटे जातो, पण थोड्या भागापासून एक विषारी पदार्थ तयार होतो. ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला लगेच निकामी करतं. रोज पिणाऱ्याच्या शरीरात हा विषारी पदार्थ बनवणारं एन्झाइम वाढलेलं असतं आणि पोटभर न जेवल्याने ग्लुटाथायोनचा साठा आटलेला असतो. विष जास्त, उतारा कमी. म्हणून अशा माणसाला साधारण दिवसाला 2 ग्रॅमची मर्यादा घालतात, आणि आपल्याला नेमकी किती चालेल हे त्याने आपल्या डॉक्टरलाच विचारावं. "मग आयबुप्रोफेन घेतो" म्हणाल, तर तिथे पोट आडवं येतं. या गोळ्या आणि दारू मिळून जठराचं अस्तर सोलून काढतात. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर ते याचं लक्षण. रात्री ताप येईल असा अंदाज असेल आणि गोळी लागणार असेल, तर त्या संध्याकाळी बसायचं नाही, इतकं साधं आहे. शुक्रवारी लस आणि शनिवारी मित्राची हळद असेल तर लस आधीच्या सोमवारी घ्या ना.

तारीख अशी मागेपुढे करण्याची मुभा फ्लूच्या लशीला आहे, हिपॅटायटिसच्या लशीला आहे. कुत्रा चावल्यावर ती नाही. आणि दारूच्या धाकाने सगळ्यात जास्त घात इथेच होतो. "इंजेक्शनं चालू आहेत तोवर प्यायची नाही" हे ऐकून काही जण दोन डोस घेऊन कोर्स सोडून देतात; काही जण गटारीच्या रात्री कुत्रा चावला तर "उतरल्यावर बघू" म्हणत दोन दिवस घालवतात. रेबीज एकदा झाला की औषध नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, प्यायलेलं असलं तरी. तिथे दारूमुळे लस नाकारत नाहीत. सरकारी दवाखान्यांत बहुतेक ठिकाणी आता कातडीत टोचतात: पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग तिथून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटात नाही, दंडावर. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत भरायच्या सीरमबद्दल, म्हणजे तयार अँटिबॉडींच्या इंजेक्शनाबद्दल, आपणहून विचारावं.

या लशीच्या आड खरोखर येणारी औषधं वेगळीच आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा मलेरियासाठी क्लोरोक्विन घेत असाल तर लशीला मिळणारा प्रतिसाद कमी होऊ शकतो. डॉक्टरांना ते आधी सांगायचं, म्हणजे ते कातडीऐवजी स्नायूत टोचायचं की आणखी काही, ते ठरवतील. ताप-अंगदुखीसाठी इथेही पॅरासिटामॉल चालतं. आणि मध्ये बसणं झालं म्हणून तिसऱ्या डोसची तारीख चुकलीच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड घेऊन जायचं. कोर्स तिथूनच पुढे सुरू होतो, पहिल्यापासून घ्यावा लागत नाही.